हुन्नर : बावन्न दात्यांचं चाक

मागच्या महिन्यात अंबाडीहून एका भगिनीचं पत्र आलं. मुलगा सतरा वर्षांचा आहे. दहावी पास झाला, पण अकरावीला मन लागलं नाही. नाक्याजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये आठ महिन्यांपासून काम शिकतो आहे. उस्ताद वयस्कर आहेत आणि मशीन त्यांच्याहून वयस्कर. पुढे त्या लिहितात, ‘घरात सगळे म्हणतात, आता सारं कॉम्प्युटरवर होतं, हा हातानं हँडल फिरवून काय शिकणार? त्यातून परवा उस्तादांनी दारात आलेलं काम परत पाठवलं आणि त्या आठवड्याचा मुलाचा पगार चार दिवस उशिरा मिळाला. माझे जेठ त्याला भिवंडीत एका गोदामात लावायला तयार आहेत. ठेवू की काढू, तुम्ही एकदा बघून सांगा.’

असे प्रश्न या सदराकडे नेहमी येतात आणि बहुतेकांना आम्ही घरी बसूनच उत्तर देतो. या पत्रातलं ‘आलेलं काम परत पाठवलं’ हे वाक्य मात्र मनात राहिलं. कामाची एवढी चणचण असताना हातचं काम कोण परत पाठवतो? म्हणून जुम्मा सोडून दुसऱ्या दिवशी निघालो.

भिवंडीहून शेलार, कवाड, अनगाव करत वाड्याच्या रस्त्यानं अंबाडी गाठायची म्हणजे कमरेची परीक्षा. पाऊस नुकताच सरला होता. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडत होतं आणि त्याच्या मध्येमध्ये गोदामांचे निळे पत्रे. नाक्यावर वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे वळणाऱ्या गाड्यांची नेहमीची गर्दी होती. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. आत एक लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर आणि कोपऱ्यात मिलिंग मशीन. चाचा (आम्हीही त्यांना चाचाच म्हणू) स्टुलावर बसून मुलाच्या हाताकडे बघत होते. मुलानं सलाम केला, पण हँडल सोडलं नाही. आम्हाला हे आवडलं.

मिलिंग मशीनच्या टेबलावर एक बिडाचा ठोकळा बसवलेला होता, साधारण मोठ्या पाटावरवंट्याच्या वजनाचा. पुढच्या अंगाला एक हँडल, त्यामागे भोकाभोकांची गोल थाळी. याला डिव्हायडिंग हेड म्हणतात. काही ठिकाणी नुसतं इंडेक्सिंग म्हणतात. काम एकच : वस्तू ठरावीक अंशात फिरवायची, तिथे घट्ट धरून ठेवायची, काप झाला की पुन्हा तेवढीच फिरवायची. वाचायला सोपं वाटतं. घरात कधी पुरणपोळीचे किंवा केकचे सारखे सात भाग करायला घेतले असतील तर हे किती कठीण आहे ते भगिनींना सांगायला नको. सहा होतात, आठ होतात, सात होत नाहीत. शेवटचा तुकडा नेहमी कुणाच्या तरी रागाचं कारण होतो.

या यंत्राची युक्ती त्याच्या पोटात आहे. हँडलच्या दांड्यावर मळसूत्री आटे आहेत आणि ते 40 दात्यांच्या एका चाकात अडकलेले आहेत. हँडल एक पूर्ण फेरा फिरवलं की जॉब फक्त एक दाता सरकतो, म्हणजे 9 अंश. हँडलचे 40 फेरे झाले की जॉबचा एक फेरा पूर्ण. म्हणजे हाताची चूकही चाळीस पटीनं लहान होऊन जॉबपर्यंत पोचते. आता 20 दात्यांचं चाक कापायचं असेल तर प्रत्येक दात्याला दोन फेरे, मामला सरळ. 52 दाते हवे असतील तर? 40 भागिले 52, म्हणजे एका फेऱ्याचा तेरावा भाग दहा वेळा. हा हिशेब करायला ती भोकांची थाळी लागते. तिच्यावर गोल ओळींत भोकं असतात : एका ओळीत 37, एकीत 39, एकीत 41, असं 49 पर्यंत. 39 ची ओळ धरायची आणि प्रत्येक वेळी 30 भोकं पुढे जायचं. तिसांचे एकोणचाळीस म्हणजेच दहाचे तेरा. हँडलच्या टोकाला स्प्रिंगची खुंटी असते, ती भोकात टक्‌ करून बसते. दर वेळी तीस मोजत बसू नये म्हणून थाळीवर चिमट्यासारखी दोन पाती असतात. एकदा अंतर लावलं की खुंटी एका पात्यापासून दुसऱ्यापर्यंत न्यायची आणि चिमटा पुढे सरकवायचा.

याच चिमट्यापाशी मुलानं पहिलं चाक वाया घालवलं होतं. चाचांनी ते खिळ्याला टांगून ठेवलं आहे, सगळ्यांना दिसेल असं. झालं काय, तर त्यानं 30 भोकं मोजली ती खुंटी ज्या भोकात होती तिथूनच. म्हणजे भोकं तीस पण पावलं एकोणतीस. शिकणारा प्रत्येक जण हे एकदा करतो. चूक प्रत्येक दात्याला पाव अंशाइतकीही नाही, डोळ्याला दिसायची शक्यताच नाही. दहावा दाता ठीक, तिसावा ठीक. बावन्नावा कापून झाल्यावर पाहतो तर शेवटच्या आणि पहिल्या दात्याच्या मध्ये 12 अंशांचा जास्तीचा ठोकळा शिल्लक, जवळजवळ पावणेदोन दात्यांएवढा. बावन्न वेळा केलेली लहान चूक एका जागी येऊन उभी राहिली. ‘ओरडलात का?’ आम्ही विचारलं. चाचा म्हणाले, ‘ओरडून काय? बिडाचे पैसे गेले ते गेले. त्याला म्हटलं, बेटा, हे टांगून ठेव, रोज बघ.’ मुलगा मान खाली घालून हसला. आता तो खुंटी असलेल्या भोकाला ‘सिफर’ म्हणतो आणि मोजायला पुढच्या भोकापासून सुरुवात करतो.

दुसरी गोष्ट त्यानं आम्हाला स्वतः दाखवली. हँडल चुकून एक भोक पुढे गेलं तर तेवढंच मागे आणून खुंटी बसवायची नाही. आटे आणि चाक यांच्यात केसाइतकी ढिलाई असतेच. उलटं फिरवलं की आधी ती ढिलाई भरते आणि जॉब मात्र जागचा हलत नाही. म्हणून चांगला अर्धा फेरा मागे जायचं आणि पुन्हा पुढच्याच दिशेनं येऊन भोक गाठायचं. नेहमी एकाच दिशेनं. आणि कापायच्या आधी दांडा कसायचा. हे सांगताना त्याचा आवाज आठ महिन्यांपूर्वी अकरावीचा वर्ग सोडलेल्या मुलाचा नव्हता.

हे बावन्न दात्यांचं चाक जातं कुठं? भिवंडीच्या वाचकांना सांगावं लागणार नाही, इतरांसाठी सांगतो. लूमवर कापड विणलं जातं तसं पुढे खेचून रोलवर गुंडाळावं लागतं. एक आडवा धागा पडला, म्हणजे एक पिक झाला, की कापड किती सरकायचं हे चाकांची एक साखळी ठरवते. जुन्या साध्या लूमवर सात चाकांची जी रचना असते तिच्यात बदलता येणारं चाक एकच, त्याला चेंज व्हील म्हणतात. त्याच्या जोडीचं चाक 36 दात्यांचं असेल तर हिशेब इतका सुंदर जमतो की चेंज व्हीलला जितके दाते, तितके कापडाच्या एका इंचात पिक. 52 दाते लावले की 52 पिक. कापड मागावरून उतरल्यावर थोडं आकसतं. तेही, साधारण दीड टक्का, या रचनेत आधीच धरलेलं आहे. ज्यानं हे पहिल्यांदा जुळवलं त्याला सलाम करावासा वाटतो. कागद नाही, पेन्सिल नाही. जॉबरनं चाक बदललं की कापडाचा पोत बदलला.

म्हणजे हे चाक नुसतं चाक नाही, माप आहे. आणि परत पाठवलेलं काम याच मापाचं होतं.

एक कारखानदार आला होता. गाव, नाव सांगत नाही. चाचांनीही सांगितलं नाही. त्याला आठ चाकं हवी होती. दाते 50, पण अंगावर ठोकायचा आकडा 52. त्याच्याकडे जॉबचं काम आहे, सूत व्यापाऱ्याचं आणि मजुरी पिकावर. व्यापाऱ्याचा माणूस फेरी मारायला आला की चाकावरचा आकडा बघतो आणि पुढे जातो. कापडावर भिंग लावून कुणी मोजलंच, तर इंचाला दोन धागे इकडे तिकडे म्हणजे नजरेचा दोष म्हणून निभावून नेता येतं.

दोन धागे म्हणजे किती, याचा हिशेब आम्ही तिथेच चाचांच्या खडूनं फरशीवर केला. 100 मीटर कापडात इंच 3937. इंचाला दोन, म्हणजे 7874 आडवे धागे कमी. कापडाचा पन्हा 48 इंच धरला तर साडेनऊ किलोमीटरहून जास्त सूत वाचलं. तीस नंबरचं सूत असेल तर 100 मीटरमागे वजन दोनशे ग्रॅमच्या आतच. कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं काय! पण दहा हजार मीटर विणले की जवळजवळ 19 किलो सूत होतं, आणि वर न पडलेल्या धाग्यांची मजुरीसुद्धा.

चाचांनी त्याला काय सांगितलं? ‘मी म्हटलं, पन्नासचं चाक करून देतो, वर पन्नास ठोकून देतो. बावन्नचं हवं तर बावन्न ठोकतो. दोन्हींचा भाव एकच.’ तो म्हणाला, आकडाच ठोकायचा आहे, तुमच्या बापाचं काय जातं? चाचा म्हणाले, ‘माप-तोलात कमी करणाऱ्यांच्या नाशानंच एक सूरह सुरू होते. दुकानदाराचा तराजू तेवढं माप आणि माझं चाक माप नाही, असं कुणी सांगितलं?’ सूरह अल्-मुतफ्फिफीन आपल्या घरांतली मुलंही तिसाव्या पाऱ्यात पाठ करतात. हजरत शुऐब अलैहिस्सलाम यांच्या मदयनच्या लोकांचा किस्साही आपण वाअजमध्ये कितीदा ऐकतो. दोन्ही ऐकताना डोळ्यांसमोर धान्याचं माप येतं. लूमचं चाक कधी आलं नव्हतं, हे आम्ही कबूल करतो.

त्या कारखानदाराला आम्ही मोठा गुन्हेगार ठरवून मोकळे होणार नाही. सुताचा भाव त्याच्या हातात नाही, विजेचं बिल हातात नाही आणि मजुरीचा दर तर दुसराच कुणी ठरवतो. भिवंडीत जुने लूम भंगारच्या भावानं तोडून विकले जातात ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. अशा वेळी माणूस दोन धाग्यांवर नजर टाकतो. पण त्याची अडचण खरी असली तरी ती भरून काढायला सतरा वर्षांच्या मुलाच्या हातानं खोटा आकडा ठोकून घ्यायचा, हे आम्हाला पटलं नाही. आठ चाकांचं काम गेलं. त्या आठवड्यात दुसरी वसुलीही अडली, म्हणून पगार चार दिवस लांबला. चाचांनी मुलाला कारण सांगितलं होतं. त्यानं घरी सांगितलं नव्हतं. आम्ही ‘का नाही सांगितलंस?’ म्हटलं तर म्हणाला, ‘अम्मी म्हणाली असती, मग लोकांनी खायचं काय?’

चहा आला तेव्हा बोलणं चाकांवरून जुन्या उस्तादांवर गेलं. वर्तुळाचे सारखे भाग करणं हा आपल्या पूर्वजांचा खास हुन्नर होता. नमाजच्या वेळा, किब्ल्याची दिशा, चंद्राचा हिशेब या सगळ्याला अंश लागत. उस्तुरलाब म्हणजे पितळेच्या थाळीवर 360 भाग आणि त्यांवर फिरणारी जाळी. अल्-बैरूनीनं सुमारे हजार वर्षांपूर्वी दातेरी चाकांनी चंद्र-सूर्याची चाल दाखवणाऱ्या डबीचं वर्णन लिहून ठेवलं आहे. इस्फहानच्या मुहम्मद इब्न अबी बक्र यांनी 618 हिजरीत, म्हणजे 1221-22 मध्ये, केलेला चाकांचा उस्तुरलाब आज ऑक्सफर्डच्या संग्रहालयात आहे. आत पितळी दातेरी चाकं आणि मागच्या खिडकीत चंद्राच्या कला. आपल्याकडे लाहोरला हुमायूनच्या काळातल्या उस्ताद अल्लाहदाद यांच्या घराण्यानं चार पिढ्या हेच काम केलं. त्या लोकांजवळ असलं 40 फेऱ्यांचं यंत्र नव्हतं. परकार, कानस आणि सबुरी, एवढ्यावर केलं.

चाचांना सगळ्यांत आवडली ती खुजंदीची गोष्ट. अबू महमूद अल्-खुजंदी यांनी 994 च्या सुमारास रय शहरात, आजच्या तेहरानजवळ, सूर्याची उंची मोजायला प्रचंड कंस बांधला. त्याची त्रिज्या सुमारे 20 मीटर. वर एक छिद्र, त्यातून सूर्याचा कवडसा खाली आखलेल्या कंसावर पडायचा. कंस एवढा मोठा की अंशाचे बारीक बारीक भाग आखता आले. तरी उत्तर जरासं कमी आलं. अल्-बैरूनीनं कारण लिहून ठेवलं आहे : उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं निरीक्षण यांच्यामध्ये छिद्राची जागा सुमारे एक वीत खाली खचली होती. आखणी उत्तम, गणित उत्तम, बैठक हलली. हे ऐकून चाचा उठले आणि डिव्हायडिंग हेडच्या बुडाचे दोन्ही बोल्ट आम्हाला दाखवले. त्यांच्या वर्कशॉपमध्ये सकाळी बिस्मिल्ला म्हटल्यावर पहिलं काम म्हणजे हे बोल्ट तपासणं.

आता कॉम्प्युटरचा प्रश्न. पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या घरचे म्हणतात ते खोटं नाही. सीएनसी मशीनवर फिरतं टेबल लावलं की आकडा टाइप करायचा, बाकी ते स्वतः करतं. भोकं मोजायला नकोत, चिमटा नको. पण त्या टेबलाच्या पोटातही बहुतेक वेळा तेच मळसूत्र आणि तेच चाक असतं, फक्त हँडलच्या जागी मोटार. ढिलाई तिथेही असते आणि ती किती हे मशीनला सांगावं लागतं. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. तिच्या 30 तबकड्या, प्रत्येक 45 मीटर व्यासाची. ताऱ्यांमागे सावकाश फिरवताना चाकांतल्या ढिलाईनं निशाण हलू नये म्हणून तिथे दोन मोटारी एकमेकींविरुद्ध ताण धरून ठेवतात. अंबाडीचा मुलगा अर्धा फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे येतो तेच दुखणं, औषध तेवढं मोठं. ज्याच्या हाताला ही ढिलाई एकदा कळली त्याला कॉम्प्युटरवरचा आकडा कधी खोटं बोलतो ते ओळखू येतं. ज्यानं फक्त बटण पाहिलं आहे तो जॉब वाया गेला की मशीनवाल्याला फोन करतो.

तेव्हा भगिनी, तुमच्या प्रश्नाचं आमचं उत्तर. मुलाला तिथून काढू नका. पण फक्त तिथेच ठेवूही नका. चाचांच्या हातात जे आहे त्याला कागद नाही आणि कारखान्याच्या फाटकावर आधी कागद विचारतात. आयटीआयचा मशिनिस्टचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, दहावीवर प्रवेश मिळतो. डिव्हायडिंग हेड आणि गिअर कापणं त्यात आहेच, सीएनसीही आहे. पुढच्या प्रवेशाच्या वेळी फॉर्म भरा, तोवर दाखला, गुणपत्रिका, आधार एका जागी करून ठेवा. चाचांशी आम्ही बोललो आहोत. आयटीआय सुरू झाल्यावर संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी त्यानं येत जावं, असं ते म्हणाले. पगार कमी होईल, हेही त्यांनीच आधी सांगितलं. गोदामात आज महिन्याला जास्त मिळतील, हे आम्हाला माहीत आहे. घरात दुसरी कमाई किती आहे ते तुम्हालाच ठाऊक. दोन वर्षं काढणं अगदीच अशक्य असेल तर पुन्हा लिहा, अप्रेंटिसशिपचा मार्ग बघू. तिथे शिकताना स्टायपेंड मिळतो.

आणि पगार उशिरा का झाला ते आता तुम्हाला कळलं. मुलावर रागावू नका. जेठांनाही ही गोष्ट सांगा, मग त्यांचं मत काय होतं ते आम्हाला जरूर कळवा.

निघताना मुलानं एक चाक दाखवलं. तेच सात चाकांतलं, 89 दात्यांचं, दोन दाते तुटलेलं. एक जुना गिऱ्हाईक दुरुस्तीला टाकून गेला होता आणि चाचांनी नवीनच कापायचं ठरवलं होतं. 89 ला कुठल्याच आकड्यानं भाग जात नाही आणि थाळीवर 89 भोकांची ओळ नाही. मग? मुलानं वहीत लिहून ठेवलं होतं : 90 धरून चालायचं, म्हणजे 27 च्या ओळीत 12 भोकं. आणि थाळीला मागून 72 व 32 दात्यांची चाकं जोडायची, म्हणजे हँडल फिरताना थाळी स्वतःही जराशी सरकत राहते आणि 90 चे 89 होतात. ती सरकायची कुठल्या दिशेनं, एवढंच त्याला अजून नक्की कळलं नव्हतं. चाचांना विचारलं तर ते सांगेनात. म्हणाले, ‘आधी लाकडाच्या तुकड्यावर करून बघ. चुकलं तर चूल आहेच.’

आम्ही नाक्यावर पोचेपर्यंत मागून करवतीचा आवाज सुरू झाला होता.